दोन आठवडे, आणि तोंडाला नाही

आमच्या मुलीच्या पुण्यातल्या खोलीत आरशाखाली एक फळी आहे आणि त्या फळीवर अकरा बाटल्या आहेत. मी मोजल्यात. तोंड धुवायची एक, धुतलेलं तोंड पुसायची एक, पुसलेल्या तोंडावर थेंब टाकायची एक, त्या थेंबांवर थापायची एक, उन्हात जाताना वेगळी, झोपताना वेगळी. एका बाटलीवर इंग्रजीत लिहिलं होतं की हे मलम त्वचेची तटबंदी दुरुस्त करतं. मी म्हणालो, "तुझं तोंड आहे का अजिंक्यतारा?" ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला नाही कळायचं."

मला नाही कळायचं! मी चोवीस वर्षं फौजेत नर्सिंग असिस्टंट होतो. बुटात कुजलेले पाय धुतलेत, काखा आणि जांघा तपासल्यात, तेव्हा ही पोरगी रांगतही नव्हती. कातडीला लागतं काय? पाणी, साबण, वारा, आणि बिघडलीच तर ट्यूब. बाकी सगळा रिकामटेकड्यांचा उद्योग. पार्लरवाल्या बाया, मोबाइलमध्ये डोळ्यांवर काकड्या ठेवून ज्ञान पाजणाऱ्या पोरी, आज तांदळाचं पाणी तर उद्या कॉफीचा चोथा तोंडाला फासणारे हौशे, या सगळ्यांना मी एका रांगेत उभं करून रोज शिव्या घालायचो. शिव्या घालायला मला आवडतं. अजूनही आवडतं. फक्त त्या रांगेत सगळ्यात पुढे कोण उभं राहायला हवं होतं, ते मला साठी जवळ आल्यावर कळलं.

आमच्या गावात पेन्शनवर आलेला प्रत्येक फौजी मेजर असतो. मी हवालदार म्हणून निवृत्त झालो, पलूसच्या स्टँडवर एस.टी.तून पाय खाली टाकला आणि मेजर झालो. पण माझी पत त्याच्याही आधीची. सुट्टीवर येणारा फौजी ट्रंकेत काय आणतो हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कुणी कॅन्टीनची बाटली आणतो, कुणी ब्लँकेट. मी औषधं आणायचो. मी आल्याची खबर लागली की दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या सोप्यात माणसं बसलेली. कुणाची कंबर, कुणाचा खोकला आणि निम्म्यांची खाज. उसात आणि द्राक्षबागेत घाम गाळणाऱ्यांना खाज काही नवी नाही. आणि खाजेवर माझ्याकडे ट्यूब होती.

ही ट्यूब मी छावणीबाहेरच्या दुकानातून पदरच्या पैशांनी डझनाने घ्यायचो. बोटाएवढी, पांढरी. तिच्यात तीन औषधं एकत्र, एक बुरशी मारणारं, एक जंतू मारणारं आणि एक स्टेरॉइड. पहिल्या दोघांना वेळ लागतो. तिसरं दोन दिवसांत खाज थांबवतं, लाली घालवतं आणि देणाऱ्याला देव करून सोडतं. आमच्या युनिटचे डॉक्टरसाहेब ती जवानाच्या हातात ठेवताना दर वेळी एकच वाक्य म्हणायचे, "दोन आठवडे, आणि तोंडाला नाही." मी शेजारी रजिस्टर घेऊन उभा असायचो. ते वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणेन. गावाकडे येताना मी ट्यूब आणली. वाक्य छावणीतच राहिलं.

विसरलो असतो तर बरं झालं असतं. पण खरं सांगायचं तर, समोर बसलेल्या माणसाला "इतकेच दिवस लाव, इथे लाव, तिथे नको" असं सांगितलं की त्याच्या डोळ्यांतली भक्ती कमी होते. फार पथ्यं सांगणाऱ्याच्या हाताला गुण नाही असं लोकांना वाटतं. माझ्या हाताला गुण होता, सगळं गाव म्हणायचं. नायट्याला ट्यूब, घामोळ्यांना ट्यूब, उसाच्या पाल्याने अंग काचलं तर ट्यूब. लोकांनी तिचं नावच पाडलं, मिलिट्री ट्यूब. पुढे पलूसच्या एका मेडिकलवाल्याने तीच ट्यूब ठेवायला सुरुवात केली. चिठ्ठी नको, कशाला हवी ते विचारणं नको, बिस्किटाच्या पुड्यासारखी हातात. मी त्या मेडिकलवाल्याला मनातल्या मनात शिष्य समजत होतो.

माझी बायको पाटणकडची. कोयनेच्या खोऱ्यात, पावसात आणि झाडीत वाढलेली. लग्न होऊन आली ती थेट पलूसच्या उन्हात. मी फौजेत, त्यामुळे माझ्या भावाच्या बरोबरीने बाग तिनेच पाहिली, छाटणीपासून बेदाणा टाकेपर्यंत. पन्नाशीला तिच्या दोन्ही गालांवर वांगाचे डाग आले. तिला त्याचं काहीच नव्हतं. ती म्हणायची, "आता या वयात मला कोन बगाय येनार हाय?" त्रास मला होता. मेजर गावभर कातडीचं औषध देतो आणि त्याच्याच बायकोच्या तोंडावर डाग! दिव्याखाली अंधार, असं कुणी म्हणण्याआधीच मी ट्यूब काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली. म्हणालो, "थोडी थोडी लावत जा."

पंधरा दिवसांत डाग फिके पडले. महिन्याभरात तोंड असं उजळलं की माहेरी गेल्यावर भावजयांनी तिच्या गालाला बोट लावून पाहिलं. गावातल्या बाया मला विचारू लागल्या आणि मी मिशीला पीळ देऊन सांगू लागलो. लावा की. किती दिवस? लावत राहा, काय होतंय? हे मी म्हणायचो, ज्याने ते वाक्य शंभरदा ऐकलं होतं तो मी. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावंसं वाटतं, पण तेव्हा फार बरं वाटायचं.

चार वर्षं ट्यूब चालली. हळूहळू बायकोचे गाल लाल दिसायला लागले. कातडी इतकी पातळ की खालच्या तांबड्या शिरा दिसाव्यात. हनुवटीवर बारीक पुरळ, कानशिलाजवळ केस. ऊन लागलं की चटका, तव्यासमोर बसली की चटका, नुसतं पाणी मारलं तरी झोंबायचं. एखाद्या दिवशी ट्यूब राहिली तर तोंडाची आग आग व्हायची, लावली की शांत. यावरून मी काय निदान केलं असेल? ट्यूब कमी पडतेय! दिवसातून एकदा लावत होती ती दोनदा लावायला सांगितली. उरलेला दोष मी हवेला दिला, तिखटाला दिला, बोअरच्या पाण्याला दिला, आणि होळीला मुलगी घरी आली तेव्हा तिच्या बाटल्यांना दिला.

मुलीने आईसाठी एक बाटली आणली होती. आई ती दोन दिवस लावत होती. मला आयता गुन्हेगार सापडला. मी बाटली उचलली आणि जाऊन उकिरड्यावर टाकली. मुलीने देवळीतली ट्यूब घेतली, उजेडात धरून मागची बारीक अक्षरं वाचली आणि विचारलं, "बाबा, यात स्टेरॉइड आहे. आई किती दिवस लावतेय हे?"

"तू मला शिकवू नको."

"हे तोंडाला लावतात का?"

मी परेडवर ओरडावं तसा ओरडलो. काय ओरडलो ते महत्त्वाचं नाही. अकरा बाटल्या बाळगणाऱ्या त्या पोरीने डॉक्टरसाहेबांचं वाक्यच माझ्यासमोर प्रश्न करून ठेवलं होतं, आणि मला ते कळलं होतं. म्हणून तर ओरडलो. तिने अंगणात उभं राहून सांगलीच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे फोन लावला, वार ठरवला आणि तो आईला सांगितला. मला सांगितला नाही. बायकोने सांगितला, म्हणून मी सोबत गेलो.

डॉक्टरीण आमच्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तासगावकडची, द्राक्षातल्या घरातली. तिने बायकोचं तोंड भिंगातून पाहिलं, मी नेलेली ट्यूब उलटीपालटी केली आणि विचारलं, "ही कुणी दिली?"

"मेडिकलमधून आणली," मी म्हणालो.

तसं पाहिलं तर खोटं नव्हतं. अलीकडच्या सगळ्या ट्यूबा मेडिकलमधूनच आल्या होत्या. बायकोने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, मग समोर बघितलं आणि गप्प बसली. फौजेत होतो हे मी सांगितलं नाही. नर्सिंग असिस्टंट होतो हे तर मुळीच नाही. चोवीस वर्षांच्या ज्या नोकरीवर मी गावात छाती काढून फिरायचो, ती मी त्या खोलीत खुर्चीखाली लपवून बसलो होतो.

मग डॉक्टरीण मला सोडून बायकोशीच बोलायला लागली. "मावशी, बेदाणा करता?"

"व्हय की. आमची वाळवनाची रॅक हाय."

"मग द्राक्षं वाळत घालायच्या आधी काय करता?"

बायकोचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा खुलला. "तेल आन कार्बोनेटच्या पान्यात बुडवतो की. मन्यावर मेन असतंय न्हवं, ते निगून जातंय. मंग आतलं पानी भराभर उडतंय. न्हाईतर लय दिस वाळत न्हाई."

"आणि खायची द्राक्षं तोडताना?"

"देठाला धरायचं. मन्याला बोट लावायचं न्हाई. बोट लावलं की मेन पुसतंय, मंग त्यो घड पेटीत चालत न्हाई."

"तुमच्या गालावरही तसाच थर असतो," डॉक्टरीण म्हणाली. "मेलेल्या पेशी एकावर एक, आणि मधल्या फटींत मेणासारखं तेल. कागदाहून पातळ. आतलं पाणी तो आत धरतो, आणि धूळ, साबण, जंतू बाहेर ठेवतो. या ट्यूबने चार वर्षं तो थर नीट बनूच दिला नाही. म्हणून पाणी लागलं तरी झोंबतंय."

"म्हंजे माज्या तोंडाचा बेदाना झाला म्हना."

डॉक्टरीण हसली. "बेदाण्याचं परत द्राक्ष होत नाही, मावशी. तुमचं तोंड परत होईल. पण त्याला कुणी हात लावायचा नाही."

बागेतल्या बाईला जे दोन मिनिटांत कळलं, ते कळायला मला फौजेची चोवीस वर्षं पुरली नव्हती. तटबंदी हा शब्द वाचून मी हसलो होतो. घरची बाग, घरची रॅक, दर उन्हाळ्यात डोळ्यांसमोर मण्यांचं मेण उतरवलं जातं, आणि बाईच्या गालावरही तसलं काही असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही.

डॉक्टरिणीने ट्यूब बंद केली. साबण बंद, हळद बंद, बेसन-लिंबू बंद. पोटात घ्यायच्या काही गोळ्या दिल्या, ऊन टाळायला सांगितलं आणि दिवसातून दोनदा लावायला बिनवासाचं एक साधं मलम दिलं. मी त्याच्यावरची अक्षरं वाचली. उकिरड्यावर टाकलेल्या बाटलीचीच ती सख्खी बहीण होती. शेवटी डॉक्टरीण म्हणाली, "पहिले काही आठवडे तोंड जास्त बिघडेल. सुजेल, आग होईल. तेव्हा ट्यूब लावावीशी वाटेल. एकदा जरी लावलीत तर सगळं पहिल्यापासून." हे तिने बायकोला सांगितलं, पण बघत होती माझ्याकडे.

आणि तसंच झालं. पाचव्या दिवशी बायकोचं तोंड सुजलं, डोळे बारीक झाले, गालांवर पाण्याच्या पुटकुळ्या आल्या आणि त्या फुटून खपल्या धरल्या. बेदाण्याचे दिवस होते. रॅकवर बुडवण चाललेलं, भाऊ एकटा धावपळ करत होता, आणि जी बाई तिथे नसली तर पानही हलत नसे ती आतल्या खोलीत ओला फडका तोंडावर धरून बसलेली. भाकरी मी भाजायला लागलो. भाकरी कसल्या, नकाशेच ते. ती मुकाट्याने खायची. आग वाढली की कण्हायची नाही, नुसती फडका बदलायची. मला तिचं ते न कण्हणंच ऐकवत नव्हतं.

बाया बघायला येऊ लागल्या. आजारी माणसाला बघायला येणाऱ्या बाईने औषध सांगितल्याशिवाय उठायचं नाही असा आमच्याकडे कायदाच आहे. एकीने सांगलीची अस्सल हळद सायीत कालवून लावायला सांगितली. एकीने कोरफड. एकीने दात घासायची पेस्ट. एका शहाणीने खायचा सोडा सांगितला. सोडा! उघड्या पडलेल्या कातडीवर! मी तिला असं काही बोललो की ती चहा न घेता गेली. बरं वाटलं मला. पण माझं बरं वाटणं दुसऱ्या दिवशीच संपलं.

आमच्या रॅकवर बेदाणा निवडायला एक बाई येते. स्वतः तीन वर्षं तोंडाला ट्यूब लावणारी, अर्थात मीच दिलेली. ती चार जणींना घेऊन आली, बायकोकडे बराच वेळ बघत बसली आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आवं मेजर, ट्यूब लावत हुती तवा ह्यांचं तोंड कसं चकाचक हुतं. सोडली आन असं झालं. मंग वाईट काय, ट्यूब का सोडनं?"

बाकीच्यांनी माना हलवल्या. मी थर सांगितला, मेण सांगितलं, स्टेरॉइड सांगितलं. कुणाला पटलं नाही. आणि का पटावं? दोन दिवसांत गुण येतो ते औषध खरं, हे त्यांना कुणी शिकवलं होतं? आता तोच मास्तर सांगत होता की जे औषध गुण देतं ते वाईट, आणि जिच्यात तोंड सडतं ती वाट चांगली. जाताना ती बाई म्हणाली, "तुमीच दिलती, तुमीच आता वाईट म्हनताय. एक काय त्ये ठरवा की." उंबऱ्याबाहेर गेल्यावर त्या हसल्या. मला ऐकू आलं.

तो दिवस मला नीट आठवतो, कारण त्या दिवशी मी घाणेरडं वागलो. दुपारी बायको भिंतीला डोकं टेकून बसली होती. फडका वाळून गेला होता तरी तिने बदलला नव्हता. मी गाडी काढली, पलूसला गेलो, मेडिकलसमोर उभा राहिलो. मी तोंड उघडायच्या आधीच मेडिकलवाला म्हणाला, "एक का दोन, मेजर?" मी एक घेतली. घरी येऊन तिच्यासमोर ठेवली आणि म्हणालो, "अगदी थोडी लाव. उद्यापासून पुन्हा बंद कर. कुणाला कळणार नाही."

तिने ट्यूबकडे पाहिलं. हात पुढे आला नाही. सुजलेल्या पापण्यांतून तिने माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "तुमाला माजं दुकनं बगवत न्हाई, का त्या बायांचं हसनं सोसत न्हाई?"

दुसरं उत्तर खरं होतं. पहिलंही खरं असेल, पण दुपारी मला गाडीवर बसवलं ते दुसऱ्याने.

"त्या डाक्टरीनबाईला तुमी खोटं सांगितलंसा," ती म्हणाली. "मी गप बसले. चार मानसांत तुमचं तोंड पडू नये म्हनून गप बसले. आता माज्या तोंडाचं काय व्हायचं त्ये हूं द्या, पर ही उचला हितनं."

मी ट्यूब उचलली, परसात जाऊन कापली, पिळून मातीत घातली आणि वरून पाय फिरवला. आत आलो आणि म्हणालो, "चुकलो." लग्नाला तीस वर्षं झाली, हा शब्द घरात मी पहिल्यांदा उच्चारला. तिने फडका माझ्याकडे दिला आणि म्हणाली, "भिजवून आना." मी भिजवून आणला.

त्यानंतर पंधरा-वीस दिवस आम्ही काहीच केलं नाही. हे वाचायला सोपं आहे. ज्याने जन्मभर दिसेल त्या जखमेवर काहीतरी चोपडलं, त्याला समोरची कातडी जळताना दिसत असूनही हात मांडीवर ठेवून बसणं म्हणजे शिक्षाच. सकाळ-संध्याकाळ साधं मलम, वेळेवर गोळ्या, बाकी काही नाही. महिना होत आला तशी सूज ओसरली. खपल्या पडल्या. गाल अजून लाल होते, पण तोंडावर पाणी मारल्यावर ती दचकली नाही, हे मी एका सकाळी मोरीच्या दारातून पाहिलं. तिने मागे वळून म्हटलं, "काय बगताय?" मी म्हणालो, "काही नाही."

मग मी त्या रॅकवरच्या बाईच्या घरी गेलो. तिच्या ओसरीवर बसून सगळं सांगितलं, छावणीतल्या वाक्यासकट. माझं झाल्यावर म्हणाली, "म्हंजे तुमाला ठावं हुतं."

"होतं."

"आन कळल्यावर बायकूला सांगलीला न्हेलंसा, मोट्या डाक्टरकडं. आमाला त्येच्या आदी सांगायला नगं हुतं?"

गावात मला कुणी असं बोललं नव्हतं. राग आला, नाही म्हणत नाही. अंग चोरून बसणंही मला सवयीचं नव्हतं, म्हणून ताठ बसलो आणि म्हणालो, "मंगळवारी आमच्या हिला दाखवायला न्यायचंय. तूही चल. गाडीचं, डॉक्टरचं मी बघतो."

"मी एकटी कशाला यीन? आमी सा जनी हाय."

मंगळवारी भावाचा पिकअप काढला. जी गाडी द्राक्षाच्या पेट्या नेते तिच्यात मागे सहा बाया बसल्या, आणि बायकोही पुढे यायला तयार होईना, त्यांच्यातच बसली. भाऊ चालवत होता, मी शेजारी. मागे सगळ्या वाटेत बोलणं चाललं होतं, पण वाऱ्याने मला एक शब्द ऐकू येत नव्हता. एकेकीचा पदर मात्र गालावर ओढलेला दिसत होता.

डॉक्टरिणीने बायकोला आधी तपासलं आणि म्हणाली, "छान. बनतोय थर." मग बाकीच्यांना आत बोलावलं. एवढ्याशा खोलीत सगळ्या भिंतीला लागून उभ्या राहिल्या. रॅकवरची बाई पहिली स्टुलावर बसली. डॉक्टरिणीने भिंग लावलं, ट्यूब बघितली आणि तोच प्रश्न विचारला, "कुणी दिली?"

ती बाई, जिने ओसरीवर माझं सगळं ऐकून घेतलं होतं आणि मला सुनावलंही होतं, तिने बायकोकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "मेडिकलमदनं आनली."

दुसरी बसली. "मेडिकलमदनं."

तिसरीही तेच म्हणाली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की पिकअपमध्ये कसलं बोलणं चाललं होतं. बायकोने सांगितलं होतं का त्यांनीच ठरवलं होतं, हे मी अजून विचारलेलं नाही. ज्यांची तोंडं मी बिघडवली त्या बाया ओळीने माझं तोंड वाचवत होत्या, आणि मी दाराशी हात बांधून उभा होतो. मला स्वतःची इतकी शिसारी कधी आली नव्हती.

"मी दिली," मी म्हणालो. "या सगळ्यांना मीच दिली. मी फौजेत नर्सिंग असिस्टंट होतो. तोंडाला लावायची नसते, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. मागच्या वेळी मी खोटं बोललो."

मला वाटलं ती बोलेल. बोलावं अशी माझी इच्छा होती. चार शिव्या खाल्ल्या असत्या, मान खाली घातली असती आणि मोकळा झालो असतो. पण तिने नुसतं पेन उचललं आणि एक कोरा कागद पुढे ओढला. "अजून कुणाकुणाला?"

मी बोटं मोजत सांगू लागलो. तालमीशेजारची, गिरणीवाल्याची सून, वरच्या आळीतल्या दोघी बहिणी. आठ झाल्यावर थांबलो. "एवढ्याच," मी म्हणालो.

"एवड्याच न्हाईत," बायको म्हणाली, आणि पुढची घरं सांगू लागली. कुणाला कुठल्या सणाला दिली, कुणी आपल्या नणंदेसाठी आणखी एक मागून नेली, सगळं तिच्या ध्यानात होतं. डॉक्टरीण लिहीत होती. मला एकही आठवत नव्हती. तेरावी सांगून झाल्यावर बायको थांबली आणि तिने माझ्याकडे पाहिलं.

"चौदावी बाई न्हाई," ती म्हणाली. "मळ्यातल्या घरचं तान्हं पोर हाय. गेल्या पावसाळ्यात त्याच्या आईनं गालाला लावू का म्हनून इचारलं. तुमी लाव म्हनालासा."

डॉक्टरिणीचं पेन थांबलं. "अजून लावतात?"

बायको म्हणाली, "परवाच नवी आनलीया."

"बाकीच्यांना मी बघते," डॉक्टरीण मला म्हणाली. "तुम्ही जा आणि ते पोर घेऊन या. आत्ता."

मी भावाकडून पिकअपची किल्ली मागून घेतली.